तीन शतांश

प्रिय दादा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी वर्कशॉपमध्ये बाबांनी तुझ्या लेकीला एक पिन मोजायला दिली. माझ्या मायक्रोमीटरने मोजून तिने वीस मिलिमीटर सांगितलं. बाबांचा मायक्रोमीटर तीन शतांश जास्त दाखवत होता.

२. बाबांनी पोलादी पट्टीच्या कडेने तिच्या बोटांवर तीन फटके मारले. शतांशाला एक. दोन नखं फुटली. हाड शाबूत आहे.

३. तरी ती वीसच म्हणाली. पट्टी पुन्हा वर गेली, तेव्हा मी बाबांचा हात धरून पिळला. मनगट मोडेपर्यंत सोडला नाही.

४. डॉक्टरांना बाबांनी सांगितलं, "तेलावरून पाय घसरला."

लेक आता माझ्या खोलीत झोपते. डाव्या हाताने जेवते आणि विचारते, "आत्या, आजोबांना प्लास्टर, मला बँडेज, मग भांडी कोण घासणार?"

तिला सुट्टीत पाठवताना तू लिहिलं होतंस, "माझ्या हातात कसब नव्हतं. तिच्या हातात असेल तर बाबांच्या जिवाला बरं वाटेल." ते वाचून मी कागद उलटा ठेवला होता.

तू चौदाचा होतास. शाळेतून आलास की दप्तर टाकून थेट लेथवर. तू तंत्रशाळेच्या मायक्रोमीटरने मोजायचास, बाबा आजोबांच्या. तो मिटवल्यावर शून्यावर येतो का, हे त्यांनी कधी पाहिलं नाही. "माझ्या बापाचं माप चुकत नाही," म्हणायचे, आणि नग परत करणाऱ्या गिऱ्हाइकांशीही भांडायचे. एकदा तू म्हणालास, "बाबा, माझ्या मापाने बरोबर येतंय." त्यांनी कानाखाली अशी ठेवून दिली की तू लेथच्या कडेवर आदळलास. लोखंडाच्या किसावर रक्त सांडलं, आणि ते तूच झाडलंस. वर मलाच समजावलंस, "रडू नकोस गं मोजपट्टे, मीच वेंधळा आहे." अजून फोन तू उजव्याच कानाला लावतोस. सतराव्या वर्षी घर सोडलंस, तेही स्वतःला नालायक समजून.

रविवारी दवाखान्यातून आल्यावर मी बाबांचा मायक्रोमीटर पूर्ण मिटवून पाहिला. शून्याच्या जागी तीन शतांश. मला नवल वाटलं नाही. मी दहा वर्षांची असताना तो माझ्याच हातून फरशीवर पडला होता. मी पुसून डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तुला पहिल्यांदा तीन फटके बसले. शून्य म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण कारण कळलं होतं. तीन वर्षं रोज कळत होतं. आज मी प्रयोगशाळेत लोकांची मापनयंत्रं तपासून सही करते. हा दुरुस्त करायला एक मिनिट पुरे. पण बाबांनी विचारलं असतं, कधीपासून? म्हणून तसाच ठेवला, आणि त्यापायी तुझ्या लेकीची बोटं पट्टीखाली आली. तुझं एकही माप चुकलं नव्हतं, दादा. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

तू तिला न्यायला येतोस, की मी आणून सोडू? माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही, तिला गाडीत बसवून देईन. शुक्रवार, बारा तारखेपर्यंत उत्तर दे.

तुझीच,
मोजपट्टी