दिवंगत हेक्कला यांना श्रद्धांजली

१ फेब्रुवारी १९९६, गुरुवार
कॉलेज रेडिओच्या गिलने मला मंगळवार संध्याकाळचा एक तास दिला. नीट झाला तर दर मंगळवार माझा. लगेच हो म्हटलं. घाबरले नाही. जिन्यात बसले, ती बुटाची लेस बांधायला. (खरं लिहायचं तर बुटांना लेस नाही.)

लावणार 'लोअर हार्बर'चा 'विंटर टेनंट्स'. बँड आमच्याच गावचा, अल्बम एकुलता एक, कुणी ऐकलेला नाही. मला चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाला. इतकं उदास मी काही ऐकलेलं नाही. गायकाचा आवाज गोठलेल्या सरोवराखालून आल्यासारखा. एक शब्द संपला की पुढचा येईल ना, याची काळजी वाटते.

२ फेब्रुवारी
गिल म्हणाला, आधी स्टुडिओत येऊन सराव कर. नको म्हटलं. सरावाने ताजेपणा जातो.

३ फेब्रुवारी
कव्हरवर गायकाचं नाव फक्त 'डी. हेक्कला'. फोटो नाही. पुढे एकही गाणं नाही. एवढं दुःख घेऊन माणूस किती काळ जगणार? वारला असणार.

आई म्हणाली, असणार म्हणजे? तू पाहिलंस? शाळेत न घालता आईनेच मला स्वयंपाकघराच्या टेबलावर शिकवलं. अजून पेपर तपासल्यासारखी बोलते. मी म्हटलं, आवाजावरून कळतं. ती म्हणाली, मला तुझ्या ताटाकडे बघून कळतंय की सूप गार झालंय.

श्रद्धांजली लिहायला घेतली.

५ फेब्रुवारी
आपण बोलायला जावं आणि आवाजच फुटू नये, असं सारखं डोळ्यांपुढे येतं. गिल म्हणतो, घाबरतेस काय, वारा बरा असेल तर आपलं स्टेशन कसंबसं सुपरमार्केटपर्यंत पोचतं. सुपरमार्केटमध्ये किती माणसं असतात हे त्याला माहीत नसावं.

६ फेब्रुवारी, दुपार
ताप नाही. पुन्हा पाहिला. अजूनही नाही. हात गार आहेत ते थंडीमुळे.

६ फेब्रुवारी, कार्यक्रमानंतर
श्रद्धांजली वाचली. आवाज थरथरला, पण तो दुःखाने. रेकॉर्ड लावली. दुसऱ्या गाण्यात फोनचा दिवा लागला. गिलने उचलला, माझ्याकडे बघितलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

एक बाई होत्या. म्हणाल्या, पोरी, मी डोरीन हेक्कला. दुकानात पास्टीचं पीठ मळता मळता रेडिओवर कळलं की मी गेले. ऐकून वाईट वाटलं. पण मी मेलेली नाही, आणि पुरुष तर कधीच नव्हते. ती रेकॉर्ड पंचेचाळीसची आहे, तू तेहतीसवर लावलीयस. बटण फिरव.

मोठ्या रेकॉर्ड मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगावर वाजतात. ही मोठी असूनही पंचेचाळीसची निघाली. मधल्या लेबलवर तसं छापलेलं आहे. आमच्या घरी रेकॉर्ड फक्त प्रवचनांच्या. वेगाच्या बटणाला कधी कुणी हात लावलेला नाही.

बटण फिरवलं. सरोवराखालचा माणूस गेला आणि एक बाई घाईघाईने गाऊ लागली.

७ फेब्रुवारी
निश्चय: यापुढे खात्री केल्याशिवाय कुणालाही मृत म्हणायचं नाही. निश्चय दोन: डोरीनबाईंच्या दुकानात जाऊन समक्ष माफी. आजच. बर्फ फार आहे. उद्या.

८ फेब्रुवारी
दुकानासमोरून जाऊन आले. परत एकदा गेले. दिवे बघत होते. शेवटी डोरीनबाईच दार उघडून म्हणाल्या, आत ये गं, तिथं गोठून मेलीस तर तुझ्यावर कार्यक्रम मी करायचा का?

माफी पाठ केली होती. अर्धी आठवली. त्या लाटत राहिल्या. मग म्हणाल्या, आमचा ड्रमवाला वेस रोज डोकं खायचा, हळू घे, हळू घे. मी म्हणायचे, लोक झोपतील. त्यावरूनच बँड मोडला. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. परवा तुझ्या कृपेने हळू ऐकलं. हळूच चांगलं आहे. आता हे त्या गाढवाला सांगायचं म्हणजे... त्यापेक्षा तू मला मेलेलीच ठेवली असतीस तर बरं झालं असतं.

मला वाटतं, त्यांनी माफ केलं. एक पास्टीही दिली, मांस-बटाटा भरलेली, करंजीसारखी.

१२ फेब्रुवारी
उद्याची तयारी पूर्ण. या वेळी पोटात काहीही होत नाहीये. जेवले नाही, त्यामुळे असेल.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
डोरीनबाई वेसला घेऊनच स्टुडिओत आल्या. एकच गाणं एकदा डोरीनबाईंच्या वेगाने, एकदा वेसच्या, आणि मधल्या वेळात भांडण. गिल म्हणाला, लिडिया, दर मंगळवारी हेच ठेवू या ना? मी म्हटलं, मीही हेच सुचवणार होते. सुचवणारच होते. आज ना उद्या.

मला बाहेरच्या खोलीत श्रोत्यांचे फोन घ्यायचं काम दिलंय. जबाबदारीचं आहे. मघापासून एक वाजतोय. चुकीचा नंबर असावा.