विनंती नसलेला अर्ज

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडायचंय. राग खरं तर विद्यापीठाचा आलाय. पण तिथले साहेब लोक ऐकून घेत नाहीत आणि तुम्हाला आता उठून जाता येत नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

तुमचं टेबल मला अजून तसंच दिसतं. रोह्याला तहसील कचेरीच्या बाहेर, पत्र्याखाली, एक पाय आखूड म्हणून खाली दगड. सकाळी निडीहून गाडीने यायचं, टेबलावर फडकं मारायचं आणि दिवसभर लोकांचे अर्ज लिहायचे. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या सोबत. माझं अक्षर तुमच्यापेक्षा बरं, म्हणून पक्की प्रत मी काढायची. मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदाराची नम्र विनंती अशी की. मग मधे गरिबी, आजारपण, म्हातारी आई, सगळं रडगाणं. शेवटी, तरी मेहेरबानांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा, आपला कृपाभिलाषी. आठवीत होते मी, झोपेत उठवलं असतं तरी हे धडाधड म्हणून दाखवलं असतं.

नदीकाठच्या वाडीवरची ती बाई आठवते? मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी आली होती, चौथी खेप. प्रत्येक खेपेला मजुरी बुडवून यायची. मला तिची कीव नाही आली, संताप आला. प्रत काढताना मी विनंती गाळली आणि सरळ लिहिलं, दाखला चार वेळा मागितला आहे, अजून का दिला नाही ते कळवावे. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात आणि तिच्यादेखत कागद टराटरा फाडलात. "सायबाला का म्हणून विचारतेस? तू कोण गो? विनंती नाय तर अर्ज कसला?" ती बिचारी मलाच समजावायला लागली, "ऱ्हाऊ दे गो बाय, बाबा सांगतात तसा लिव." मी लिहिलं. तिला दाखला मिळाला का, मला माहीत नाही. तुम्हालाही नव्हतं. पुढचा माणूस बाकावर येऊन बसलेलाच असायचा.

आता तुमच्या नातीचं ऐका. तुम्ही तिला पाहिलं नाही. नाक तुमचं आहे आणि तोंड माझं, त्यामुळे वकील व्हायचं तिने फार लवकर ठरवलं. पेणला बारावी झाली, प्रवेश परीक्षा दिली, गुण चांगले पडले. शेवटच्या फेरीत उरलेल्या जागा विद्यापीठ स्वतः भरतं, गुणांप्रमाणे भरायच्या असा नियम. खिडकीवर सांगितलं, प्रतीक्षा यादीत ही दोन नंबरला आहे. रोज अकराला फोन. रोज एकच उत्तर, दोन नंबर, थांबा. मधेच दुसऱ्या एका कॉलेजात जागा मिळत होती. ती घेऊ का म्हणून मी त्या खिडकीवाल्यांनाच विचारलं, माझी अक्कल बघा! "कशाला घाई करताय मॅडम, लागेल नंबर." आम्ही ती जागा सोडली. नवव्या दिवशी म्हणाले, फेरी संपली. कोणाला मिळाली? ते सांगता येत नाही. पोरीने फोन ठेवला, दोरीवरचे वाळलेले कपडे काढले आणि एकेक घडी घालत बसली. रडली नाही. आरडाओरडा मीच केला, भिंतींवर.

मी डोलवीला एका ठेकेदाराच्या ऑफिसात हजेरी लिहिते. कुणाचा खाडा चुकून लागला तर तो माणूस शिफ्ट सुटल्यावर माझ्या टेबलाशी येतो आणि मी रजिस्टर उघडून दाखवते. "हे बघ दादा, हाय का तुझी सही?" एवढंच असतं हो. वही उघडायची आणि दाखवायची. मी विद्यापीठाकडे जागा नाही मागितली, यादी दाखवा म्हटलं.

त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तुम्ही जिभेने ओला करून चिकटवायचात तसलाच. पण आबा, त्या नमुन्यात विनंतीला जागाच नाही! माहितीचा तपशील लिहा, सही करा, संपलं. आणि माहिती कशाला हवी ते सांगायचंही नाही. कायद्यातच लिहिलंय, अर्जदाराला कारण विचारायचं नाही. मी दोनदा वाचलं ते. तुमचा अख्खा धंदा बसला असता. मी तीन गोष्टी मागितल्या. प्रतीक्षा यादी, त्या फेरीत घेतलेल्या मुलांचे नुसते गुण आणि यादी कोणत्या तारखेला लावली ते. महिना उलटून गेल्यावर एका ओळीचं उत्तर आलं. माहिती त्रयस्थ व्यक्तींची असल्याने देता येत नाही. नावं मागितली होती का मी? मग त्यांच्याच वरच्या साहेबाकडे अपील केलं.

सुनावणीला आम्ही मायलेकी गेलो. साहेब गोड बोलणारा. बसा म्हणाला, चहा सांगितला, मग विचारलं, "पण हे सगळं हवंय कशासाठी?" मी म्हटलं, कारण सांगायचं नसतं. तो हसला आणि एक कागद पुढे सरकवला. सदर प्रतीक्षा यादी कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. गुण संकलित स्वरूपात उपलब्ध नाहीत. आढळून येत नाही! मग नऊ दिवस माझी मुलगी कुठल्या यादीत दुसरी होती? हे मी मोठ्याने विचारलं, बाहेरचा शिपाई डोकावला इतक्या मोठ्याने. साहेबाचा आवाज मात्र चढला नाही. "मॅडम, तुम्ही अधिकाराची भाषा केलीत तिथेच बिघडलं. साधा विनंती अर्ज दिला असतात तर काहीतरी केलं असतं. अजूनही द्या. हे अपील मागे घ्या, पुढच्या वर्षी सहानुभूतीपूर्वक विचार करू."

तुमचे शब्द, आबा. जसेच्या तसे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती निम्मी तुमच्यावरची होती. वकील मलाही व्हायचं होतं, हे तुम्हाला माहीत होतं. माझा फॉर्म उशिरा पोचला म्हणून कॉलेजने परत पाठवला. पाकिटावर पोस्टाचा शिक्का मुदतीच्या आतला होता, मी बोट ठेवून दाखवला होता तुम्हाला. तो घेऊन भांडता आलं असतं. तुम्ही काय केलंत? प्राचार्यांना पानभर विनंती अर्ज लिहिलात. घरची गरिबी, मुलगी हुशार, कृपा व्हावी. शिक्क्याचा अवाक्षराने उल्लेख नाही. उत्तर आलं नाही तर दुसरा लिहिलात, मग तिसरा. मग म्हणालात, "नशिबात नाय गो." दुसऱ्यांसाठी हात जोडलेत ते जोडलेत, माझ्यासाठी तरी एकदा 'का' विचारायचंत! हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, तेव्हा आज बोलते.

सुनावणीहून आलो आणि पोरीने दुसरं अपील स्वतः लिहिलं, थेट माहिती आयोगाकडे. ती सांगत गेली, मी पक्की प्रत काढली. एकाही ओळीत विनंती नाही. पेणच्या पोस्टातून रजिस्टर केलं तेव्हा पावती तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. "आई, वर्ष गेलं तर जाऊ दे. यादी बघितल्याशिवाय सोडायची नाय." पुढच्या परीक्षेचा अभ्यास सुरू आहे तिचा, शेजाऱ्यांना सांगत असते, माझी आई कुणाच्या बापाला घाबरत नाही.

तिला एक माहीत नाही. सुनावणीच्या दिवशी, बाहेर आल्यावर, ती उत्तराची झेरॉक्स काढायला खाली गेली होती. मी साहेबाच्या दाराबाहेर बाकावर बसले होते, पिशवीत कोरे कागद होते. मेहेरबान साहेबांचे सेवेशी. एकही खाडाखोड झाली नाही, आबा. घरची गरिबी घातली, मुलगी हुशार घातलं, अपील मागे घेत आहे तेही घातलं. ती जिना चढून आली तेव्हा मी कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला होता.

फाडायला दोनदा हातात घेतला. प्रवेश परत सुरू व्हायला आता फार दिवस उरले नाहीत. तो फाईलमध्ये सगळ्यात खाली आहे, हे पत्रही तिथेच ठेवते. आपली कृपाभिलाषी, त्याखाली माझी सही. तारीख तेवढी घातलेली नाही.