म्हैस, पाहुणे आणि आपली पिकअप

वडसा, डिसेंबर

तीर्थरूप मनसाराम भाऊजींच्या सेवेशी प्रफुलचा सादर नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? गोकुळाताईचा खोकला थांबला का? तलावात यंदा मरळ भरपूर निघाली, हे ऐकून आनंद झाला. माझी प्रकृती उत्तम असून माझ्या गिधाडांचीही उत्तम आहे (त्यांची चौकशी आपण कधीच करत नाही, म्हणून मीच कळवतो).

एक कोडे आपल्या ध्यानात आलेच असेल. मासळी वाहणारी आपली पिकअप मी नेली तेव्हा तिला मासळीचा वास होता. परत केली तेव्हा कापराचा. सीटखाली अर्धी कापलेली लिंबे होती. ज्या मेहुण्याने स्वतःची सायकल कधी पुसली नाही, त्याने आपली गाडी इतकी घासून का धुतली असावी? उत्तर क्रमाने देतो. क्रम सोडला की विषय नासतो, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो (ते ऐकत नाहीत, हा भाग वेगळा).

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकाला पाहुणे बोलवायचे आणि त्या निमित्ताने सोयरीक जमवायची, ही आपल्या झाडीपट्टीची रीत. त्यानुसार गडचांदूरचे इसरूजी आणि त्यांची कन्या दीपाली यांना वडसा स्थानकावरून आपल्या गावी आणण्याचे काम आपण माझ्यावर सोपवले होते (नवरदेव मीच असल्याने ते दुसऱ्यावर ढकलणे बरे दिसले नसते). मी निघालो, आणि वाटेत मंगरूचा (गावात जनावर मेले की मला कळवणारा तो) फोन आला. त्याची म्हातारी म्हैस गेली होती. भाऊजी, सामान्य मनुष्य अशा वेळी दुःख व्यक्त करतो. मी विचारले, शेवटच्या दिवसांत तिला दुखण्याचे इंजेक्शन दिले होते का? दिले नव्हते! या आनंदाचे कारण सांगणे आवश्यक आहे. पूर्वी आपल्या आकाशात गिधाडे घिरट्या घालत. पुढे ती झपाट्याने दिसेनाशी झाली. जनावरांना टोचलेले एक वेदनाशामक ती मेल्यावरही त्यांच्या मांसात उरते आणि ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी करते, हे संशोधकांनी पुढे सिद्ध केले. त्यात मादी वर्षाला एकच अंडे घालते. म्हणून निर्धोक म्हैस ही आमच्यासाठी पर्वणी. ती पुरली जाण्यापूर्वी कुंपणातल्या त्या जागेवर (गाव जिला ‘गिधाडांची खानावळ’ म्हणते) पोहोचवणे हे माझे कर्तव्य होते.

माझा हिशेब असा होता: आधी म्हैस, मग धुणे, मग स्थानक. हिशेबात चूक नव्हती. परंतु म्हैस चढवण्यास अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला, आणि रेल्वे अगदी वेळेवर आली. त्यामुळे पाहुणे पुढे बसले तेव्हा मागे ताडपत्रीखाली म्हैस होतीच.

रेल्वेचे फाटक ओलांडल्यावर इसरूजींनी नाकाला रुमाल लावून विचारले, “मागं काय हाये?”

मी म्हणालो, “म्हैस.”

“दूध किती देते?”

“सध्या देत नाही.”

खोटे बोललो नाही, हे आपण मान्य कराल. पण खड्ड्यातून जाताना ताडपत्री सरकली, आरशात शेपूट दिसले आणि पुढील खुलासा मला विस्ताराने करावा लागला.

खानावळीत म्हैस उतरवली. पाहता पाहता गिधाडे उतरली. पांढऱ्या पाठीची, रुबाबदार. इसरूजी काचा वर करून गाडीतच बसले. गिधाड वासाने नव्हे, नजरेने अन्न शोधते, त्याला वास जवळजवळ येतच नाही, हे मी त्यांना काचेतून समजावले. ते म्हणाले, “नशीबवान हाये बापा.”

दीपाली मात्र उतरली. माझी दुर्बीण घेतली आणि गिधाडाच्या डोक्यावर केस काऊन नाहीत, असे विचारले. काय प्रश्न होता, भाऊजी! मी स्वच्छता सांगितली, उष्णतेचे नियमन सांगितले, मतभेदही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले व म्हणाली, “गिधाडाचं सारं समजलं. आता तुमचं काई सांगता का?” माझ्याकडे सांगण्यासारखे काही निघेना. आयुष्यात प्रथमच मला विषय सुचला नाही.

मग इसरूजींनी काच बोटभर खाली केली. “मी सोयरीक जमवाले आलो होतो. हे काय दाखवून राह्यले मले?” नाटक न पाहताच ते पुढच्या गाडीने परतले. ताईने तीन भाज्या केल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. क्षमस्व.

आपला आज्ञाधारक,
प्रफुल

ता. क. सोयरीक मोडल्याचे दुःख मला मुळीच नाही. संशोधकाने एकटे राहणे इष्टच.

ता. क. २. वरील मजकूर खोडावा. दीपालीचा आताच फोन आला. म्हैस तिच्या वडिलांनी पचवली आहे. नाटक हुकले हे मात्र त्यांना पचत नाही. स्वतः मनसारामभाऊ न्यायला आले तर शनिवारच्या प्रयोगाला येतो, म्हणतात. आपण जालच ना? (मी दीपालीसाठी माझ्याविषयीचे मुद्दे काढत आहे. दोन झाले.) गाडी न्यावी की नाही, यासाठी एक सोपी चाचणी देतो. दुपारच्या उन्हात काचा बंद करून पिकअप उभी करावी, मग ताईला काही न सांगता आत बसवावे. ती “हे काय मेलं इथी?” म्हणाली, तर एसटीने जावे. ती फक्त “मासळीचा वास येऊन राह्यला” म्हणाली, तर लग्न जमले असे समजावे.