मांडवाला खांब नको

५ जानेवारी, सोमवार
आजचा दिवस कॉलेजच्या इतिहासात लिहिला जाईल. निदान इथे तरी लिहून ठेवतो. मीटिंगमध्ये प्रिन्सिपल वसुंधरा मॅडमनी विचारलं, आर्किटेक्चर आणि सिव्हिल, दोन्हींच्या तिसऱ्या वर्षाला मिळून एक स्टुडिओ, म्हणजे हाताने करून शिकायचा वर्ग, करायचाय, कोण घेणार? सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. मी उभा राहिलो. म्हटलं, नुसती मुलं शेजारी बसवून काय होणार? आधी शिक्षकांनी कुंपण ओलांडलं पाहिजे. आर्किटेक्टने स्ट्रक्चर शिकवावं, इंजिनियरने डिझाइन! टाळी पडली. एकच, पण खणखणीत.
मग सिव्हिलच्या बाजूने आवाज आला, "चालेल. डिझाइन मी घेते." आवाज ओळखीचा वाटला. नीता. माझी बायको.
स्टुडिओ जमला तर दोन्ही शाखांचा मिळून नवा विभाग होणार. त्याचा प्रमुख कोण, हे मॅडम बोलल्या नाहीत. पण बोलल्या नाहीत तेव्हा माझ्याकडे बघत होत्या.

६ जानेवारी, मंगळवार
संकल्प. स्ट्रक्चरचं जाड पुस्तक रविवारपर्यंत संपवणे. नीताला काहीही न विचारणे. रोज सकाळी खांदा कॉलनीला पायी एक फेरी मारणे. (याचा विषयाशी संबंध नाही, पण संकल्प करतोच आहोत तर.)
नीता म्हणाली, अडलं तर विचार हो. मी हसलो. म्हटलं, वीस वर्षं बिल्डिंगा डिझाइन करतोय. ती म्हणाली, "हो ना. आणि त्या उभ्या राहाव्यात म्हणून वीस वर्षं दुसरंच कुणीतरी डोकं धरून बसलंय."
उत्तर सुचलं होतं. ती गेल्यावर.

११ जानेवारी, रविवार
पुस्तकाची प्रस्तावना वाचून झाली. फार सुंदर प्रस्तावना आहे. पुढे सगळी गणितंच आहेत, म्हणजे मुख्य मुद्दा आलाच.

१२ जानेवारी
पहिला तास गाजला. बेंडिंग मोमेंटवर, म्हणजे वजनाने तुळई किती वाकू बघते त्यावर, एक आकडा न लिहिता पाऊण तास बोललो. म्हटलं, तुळई म्हणजे संयम. वाकायचं, पण मोडायचं नाही. मुलं भारावून गप्प होती. फक्त सिव्हिलच्या हृतिकने हात वर केला. हा उलव्याचा. घराच्या चारी बाजूंना बांधकामं, त्यामुळे पोराला आकड्यांची सवय लागलीय. म्हणाला, "सर, मस्त होतं. पण मोमेंट किती येतो?"
म्हटलं, पुढच्या तासाला.

१५ जानेवारी
पुढचा तास झाला. हृतिकला सांगितलं, पुढच्या तासाला.

२० जानेवारी, मंगळवार
विषय जाहीर केला. कॅन्टीनसमोर बांबूचे दोन मांडव. कागदावर नाही, खरेखुरे, मुलांनीच बांधायचे. दोन गट, दोन्हींत दोन्ही शाखांची मुलं. एका गटाला मी, दुसऱ्याला नीता. चौदा फेब्रुवारीला विद्यापीठाची समिती बघायला येणार.
माझ्या गटाला कॉन्सेप्ट मीच देऊन टाकला, त्यांचा वेळ वाचावा म्हणून. नाव 'तरंग'. वर बांबू, त्यावर हिरवी जाळी, आणि मधे एकही खांब नाही! आर्किटेक्चरची मनस्वी खूश झाली. हृतिक काही बोलला नाही. मौनं संमतिलक्षणम्.
नीताची मुलं दुपारभर उन्हात बसून सावली कशी सरकते ते बघत होती. मी मदत म्हणून विचारलं, तुमचा कॉन्सेप्ट काय? नीता म्हणाली, सावली. कीव आली.

२८ जानेवारी
आज वर्गात मुलं फारच कमी. शोधत गेलो तर कॅन्टीनमध्ये नीताच्या टेबलाभोवती सगळी. हृतिक 'तरंग'चं गणित तिला दाखवत होता. मनस्वी त्याच्या आकड्यांशेजारी चित्रं काढत होती. मधेच दोघं कडाकडा भांडले, मग एक समोसा अर्धा-अर्धा खाल्ला. शाखांमधल्या भिंती पडतायत, त्याही माझ्या गैरहजेरीत! किती खोल गेलंय माझं शिकवणं. लांबूनच हात केला. कुणी बघितलं नाही.

५ फेब्रुवारी
जेवताना नीता म्हणाली, तुझ्या मांडवाला मधे टेकू लागेल. मी म्हटलं, घरात कॉलेजचा विषय नको. ती बरं म्हणाली आणि जेवायला लागली. दुसऱ्या पोळीला मीच विचारलं, केवढा जाड लागेल? हे विचारणं नव्हे. हे कुतूहल.
सकाळची फेरी उद्यापासून.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
मांडव उभा राहिला. आणि बरोब्बर मधे खांब! मी हादरलो. हृतिक म्हणाला, "सर, त्याच्याशिवाय मांडव खाली बसतो." मनस्वी म्हणाली, "आम्ही मिळून ठरवलं सर. खांबाभोवती गोल बाकपण केलाय. बघा ना, किती छान दिसतोय!"
आर्किटेक्चरची मुलगी खांबाची बाजू घेते. मी कुठे कमी पडलो?

१४ फेब्रुवारी, सकाळी
समिती यायच्या आधी खांब मी स्वतः काढला. मांडव जागचा हलला नाही. हृतिक धावत आला, चेहरा पांढराफटक. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, बाळा, भीती म्हणजे गणित नव्हे. प्रमुखपदाच्या भाषणात हे वाक्य घ्यायचं.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी
सविस्तर लिहिण्यासारखं फार नाही. समितीचे दोघं, वसुंधरा मॅडम आणि ट्रस्टी महादेवशेठ 'तरंग'खाली बसले. मी बोलायला उभा राहिलो. 'संयम' शब्दाला मांडव थोडा वाकला. मी सांगितलं, वास्तू प्रतिसाद देतेय. पुढच्या वाक्याला आणखी वाकला. महादेवशेठ वर बघून म्हणाले, "सर, यो असाच खाली येनार हाय का? नाय, आमी उठावं का बसून ऱ्हावं, तेवडं सांगा."
मी म्हटलं, बसा.
मग तो खाली आला. अगदी सभ्यपणे, हळूहळू. कारण हृतिक आणि मनस्वीने दोन बाजूंचे बांबू खांद्यावर घेतले होते आणि बाकीची पोरं त्यांच्यामागे धावली होती. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. सगळे हिरव्या जाळीत. आतून महादेवशेठ खदाखदा हसत होते.
चहा नीताच्या मांडवाखाली झाला. चार कोपऱ्यांत चार खांब! पाचवीतल्या मुलाचं चित्र. सावली मात्र होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
नीता दिवसभर एका शब्दाने बोलली नाही. ते जास्त लागलं. शेवटी विचारलं, हसत का नाहीस? म्हणाली, "काल जाळीतून तुझं डोकं वर आलं ना, तेव्हा हसून घेतलं." मग मला हसू आलं, मग तिलाही परत. पोह्यांचा दुसरा घाणा झाला.
खांब लागतो, हे मी प्रयोगाने सिद्ध केलं. कुणीतरी करायलाच हवं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
नवा विभाग मंजूर! मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "दोन्ही शाखांची मुलं एकमेकांशी इतकी बोलायला लागली, समितीला तेच सगळ्यात आवडलं. याचं श्रेय तुमचंच." मी नम्रपणे मान खाली घातली. त्या पुढे म्हणाल्या, "तुमच्यामुळे त्यांना दुसरा इलाजच राहिला नाही."
प्रमुख नीता.
मॅडमनी असंही सुचवलं, की मी नीताच्या पहिल्या वर्षाच्या स्ट्रक्चरच्या वर्गाला बसावं. विद्यार्थी म्हणून. लगेच हो म्हटलं. पहिल्या बाकावर बसणार. मार्मिक प्रश्न विचारून वर्गाची पातळी वर नेणार.

२ मार्च, सोमवार
पहिला तास. पहिला बाक. नीताने आल्या आल्या सांगितलं, ज्यांनी कॅलक्युलेटर आणला नसेल त्यांनी बाहेर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बाहेर आणखी दोघं होते. एक सिव्हिलचा, एक आर्किटेक्चरची. म्हणजे आंतरशाखीय गट आपोआपच तयार झाला! त्यांना एक छोटासा विषय द्यायला सुरुवात केली. तेवढ्यात दोघांनी शेजारच्या वर्गातून कॅलक्युलेटर मागून आणले आणि आत गेले.
जाताना दार लावून घेतलं.