आईचा पाळणा आणि ‘झालं’ म्हणणारी डबी

चि. मोतीबाईस, थोरल्या बहिणीचा जय भीम.

थोरली म्हणजे मी, सुंदरा. बदलापूरची. मायाच्या पोरीच्या बारशाला येऊन ज्या घरात मोरीच्या कट्ट्यावर कवळी विसरून गेलीस, ते बेलवलीचं घर माझं. इतके दिवस झाले, तुझा निरोप नाही. म्हणजे तोंडात दात नाहीत हेही तू विसरलीस. (अस्मिता लिहिता लिहिता हसतेय. मला अक्षर येत नाही, म्हणून नातीचं हसू सोसते.) गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? मी ठणठणीत होते, पण परवा असा धक्का बसला की अजून घास उतरत नाही.

बारशाला तू आपल्या आईचा पाळणा म्हटलास, तो नरेंद्रनं कंप्युटरात भरून ठेवला होता. (नरेंद्र माझा नातू, बाळंतीण मायाचा भाऊ. तुला आठवणार नाही म्हणून सांगते. अंबरनाथच्या एमआयडीसीत मशिनींना अक्कल शिकवतो. घरी आणायला उरत नाही.) मायाच्या सासरी पोरीला ऐकवायला सीडी करायची ठरली, म्हणून त्यानं पाळणा पेनड्राइव्हमध्ये हलवला. करंगळीएवढी डबी, तिच्यात म्हणे अख्खी बाजारपेठ मावते. हलवायचा प्रोग्रामही ह्याचाच. छाती फुगवून म्हणतो, “आजी, हा थांबत नाही. ‘लिही’ सांगतो आणि पुढच्या कामाला लागतो.” मी म्हटलं, “तुझा आजाही ‘पाणी भर’ सांगून पारावर जायचा. सांगून हंडा भरतो होय रे?” पण माझं कोण ऐकतंय! पडद्यावर ‘झालं’ आलं, ह्यानं डबी उपटली, कंप्युटरातला पाळणा पुसला, आणि निघालो आम्ही उल्हासनगरला. डबीचा दिवा तेव्हा लुकलुकत होता, मी डोळ्यांनी पाहिला. मला वाटलं शोभेचा.

सीडीवाला सिंधी, भला माणूस. त्यानं डबी लावली आणि तू गायला लागलीस, “निज गं माझ्या मैने, पाणी आलं...” आणि खल्लास. तू अशी मध्येच गप्प कधी झालीस का जन्मात? मला वाटलं, मोती गेली! भर दुकानात हंबरडा फोडला. सीडीवाला घाबरून म्हणतो, “अम्मा, नाम पूरा है, आवाज आधा है.” वर समोसा दिला. (तो मात्र उतरला.)

नरेंद्रचं तोंड पांढरं. मग कबूल झाला. प्रोग्राम पाळणा कंप्युटरच्या हाती देतो, कंप्युटर ‘घेतला’ म्हणून पदरात ठेवतो, आणि डबीत मागाहून सावकाश लिहितो, तोवर तो दिवा लुकलुकतो. आणि डबीचा तोरा काय सांगू! तिला जुनं एक अक्षर पुसायचं तर भोवतालचा अख्खा तुकडा पुसावा लागतो, मगच नवं लिहायचं. आपल्या सारवणासारखं गं, एक पोपडा निघाला की सगळी खोली उकरायची. म्हणून कधी भराभर लिहिते, कधी अडून बसते. न थांबणारा प्रोग्राम म्हणजे थांबणं कुणाला चुकलं असं नाही. ते फक्त मागच्याच्या, म्हणजे कंप्युटरच्या, गळ्यात मारलं. आणि त्या मागच्याच्या हातातूनच ह्या शहाण्यानं डबी ओढली! मी आयुष्यभर सुनांचं ‘हो आई, झालं’ ऐकत आले, पण मशीनही तसंच बोलतं हे ऐकून हादरले.

आता आईचा पाळणा उरला फक्त तुझ्या डोक्यात, आणि तुझ्या डोक्याची तऱ्हा मोरीच्या कट्ट्यावर दिसतेच आहे. तेव्हा विसरायच्या आत ये आणि पुन्हा म्हण. ह्या वेळी दिवा विझेपर्यंत नरेंद्रचे हात मी धरून बसेन.

तुझी,
सुंदराक्का

ता. क. कवळी हवी असेल तर इथं यावं लागेल. पोस्टानं मिळणार नाही.

ता. क. (हे अस्मिताचं, आजीला न सांगता) मोतीआजी, पत्र सांगताना आजी अख्खा पाळणा गुणगुणत होती. एक ओळ चुकली नाही. तरी तुम्ही या. तुम्ही गेल्यापासून ती मोरीत गेली की कवळीशी बोलते.

ता. क. पोरगी काय खरडतेय कळत नाही, पण कान पकडलाय. येताना सुकट आण. एसटीत कुणाच्या हाती देऊन ‘पाठवली’ म्हणू नकोस. तुझ्या हातून माझ्या हातात पडेल, तेव्हाच ‘झालं’.