बाबांची सुरी

प्रिय मिलूद,

तुझा निरोप ट्रकवाल्या कद्दूरनं पोचवला. माझं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, हसलास तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. आईला वाचून दाखवू नकोस. कत्तलखान्यातली नोकरी सुटली. मुकादम म्हणाला, "वाळवंटातला गडी आणि रक्ताला भितोस?" मी त्याचं नाक फोडलं. आता ओरान बंदराच्या धक्क्यावर गोण्या उचलतो. इथंही फार दिवस टिकेनसं वाटत नाही.

बाबा गेले तेव्हा तू मामाकडे होतास, म्हणून तुला नीट कुणी सांगितलंच नाही. दुपारी कुंपणापलीकडे, सरकारच्या चाचणीच्या मैदानात, बारकासा फट् आवाज झाला. वारा तिकडून आमच्या दिशेनं होता. आधी करडी मेंढी गुडघ्यांवर आली, मग सगळा कळपच. तोंडाला फेस, पाय झाडतायत. बाबा ओरडले, "अशाच मेल्या तर हराम होतील रे, खाता यायच्या नाहीत! जीव आहे तोवर सुरी फिरवा!" शेजारच्या तंबूंतले लोकही धावले. बिस्मिल्ला म्हणायचं, गळा चिरायचा, की पुढची. कोपरापर्यंत रक्त, ओली लोकर छातीशी. मला बाबांनी दुसरी सुरी आणायला टेकाडावरच्या तंबूत पिटाळलं, म्हणून मी आहे.

परत आलो तर लख्ख उन्हात बाबा म्हणत होते, "दिवा लाव रे, दिसत नाही." मग तेही मेंढ्यांसारखेच पाय झाडायला लागले. गेले तरी मूठ सुटली नव्हती, बोटं उकलून सुरी काढावी लागली. संध्याकाळी आपल्या लोकांनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला दगडांनी ठेचला. आपल्याच टोळीतला तो. "मलाही काही सांगितलं नव्हतं रे!" असं ओरडत मेला. दुसऱ्या दिवशी रबरी मुखवटे घातलेले साहेब आले. म्हणाले, "रोगट मेंढ्या कापायची खोडच तुम्हाला."

आता तू कळवतोस, फाटकावर पुन्हा चाचणीचं लाल निशाण लागलंय, यंदा फक्त सुरक्षेची तपासणी आहे म्हणे. कळप तुझ्याकडे आणि आईनं बाबांची सुरी तुझ्या कमरेला बांधली. म्हणून लिहायला बसलो. विहीर सोडून आई हलायची नाही, ठाऊक आहे मला. मग एवढंच ऐक. मेंढी पडली तर सुरीला हात लावू नकोस, विष लोकरीतच असतं. आईला खांद्यावर टाक आणि टेकाडाकडे, वारा आडवा घेऊन पळ. मागं त्या तडफडतील, ओरडतील. वळू नकोस. मरू देत. हराम होऊ देत. विचारलंच वर कुणी, तर सांग, थोरल्यानं सांगितलं होतं.

तुझाच,
बूझियान