चांगुणाचं माहेरपण

१४ एप्रिल २००३. दुपार.
जयंतीची मिरवणूक संध्याकाळी. तोवर लिहून घेते. आमच्या चांगुणाला दिवस गेले!
चांगुणा म्हणजे काचेच्या टाकीतली मासोळी. अमितची पुण्याला बदली झाली तेव्हा टाकी इथेच ठेवून गेला. म्हणाला, आई, तुला सोबत होईल. तळाशी वाळू हुंगत फिरणारे बारके मिशीवाले मासे. दुकानदार कॅटफिश म्हणतो. बायकांनासुद्धा मिशा! माझ्या थोरल्या नणंदेला होत्या, पण इतक्या नाही. चांगुणा सगळ्यात जाड. वरून बघितलं की पोट दोन्ही बाजूंनी बाहेर. मला ह्यातलं कळतं. अर्ध्या कॉलनीची बाळंतपणं माझ्या हातून झाली.
लगेच पुण्याला फोन. नात सृष्टी किंचाळलीच. म्हणाली, आजी, पिल्लं झाली की मी लग्गेच येते, प्रॉमिस! दिवाळीत त्यांना जमलं नव्हतं. मी म्हटलं, बुद्धपौर्णिमेला ये, तोवर पिल्लं शाळेत जायला लागतील. खूप हसली. फोनवर तिचं हसणं आणखी गोड लागतं.

१५ एप्रिल.
आजपासून टीव्ही कमी. चांगुणाची सेवा. पाणी कोमट करून घातलं. गरोदर बाईला गार सोसत नाही.

१७ एप्रिल.
सगळे मासे वर येऊन तोंड उघडून बसले. बिटको चौकाजवळच्या माशांच्या दुकानदाराला विचारायला गेले, तर ओरडलाच. म्हणे, आजी, मासे उकडताय का? ह्यांना गार पाणी लागतं. पाणी गार झालं की अंडी घालतात.
पोरगेला माणूस, त्याला बाळंतपणातलं काय कळतं. पण नळाचं पाणी उन्हाने तापलेलंच येतं, म्हणून माठातलं घातलं. मी नळाचं प्याले. काही मरत नाही.

२० एप्रिल. सकाळ.
शी! लिहायलासुद्धा लाज वाटते. गार पाणी काय घातलं, दोन काटकुळे नर चांगुणाच्या मागेच लागले. ती पुढे, हे मागे. काचेवर वर, खाली, पुन्हा वर. एक तर तिच्या तोंडापुढे आडवाच झाला आणि ती बिचारी त्याच्या पोटाशी तोंड लावून थरथरत उभी. पाया पडत असणार. अवघडलेली बाई, आणि हे धंदे!
गोजराबाईला शेजारून बोलावून आणलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, अहो यशोदाबाई, राहू द्या की नवरा-बायकोला. तिला कायम चेष्टा सुचते.
मी ठरवलं. पहिलटकरीण आहे, पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे. मी नाही का सायखेड्याला गेले होते? ह्यांची नोटांच्या प्रेसमध्ये शिफ्ट, सासरी कोण बघणार. आईने मला सव्वा महिना उन्हात जाऊ दिलं नाही. अमित माझा तिथलाच, गोदावरीकाठचा. असो. मोठी काचेची बरणी घासली, माठातलं पाणी, थोडी वाळू. चहाच्या गाळणीने चांगुणाला उचललं. आता बरणी माझ्या उशाशी आहे. नर टाकीत हुडकत फिरताहेत. फिरा म्हणावं.

२१ एप्रिल.
झाली! चांगुणा सुखरूप मोकळी झाली! बरणीच्या काचेवर साबुदाण्यासारखी अंडी चिकटवली आहेत. आपल्या हाताने, म्हणजे पंखाने. माहेरपण मानवलं.
फोन केला. सुनेने उचलला. म्हणाली, आई, अजून अंडीच ना? पिल्लं होऊ द्या, मग बघू. सरिता स्वभावाने चांगली आहे, फक्त कामात असते. ‘बघू’ म्हणजे येणारच.
पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकल्या.

२४ एप्रिल.
अंडी पांढरीशुभ्र झाली. वर बारीक कापूस आलाय. निसर्ग बघा! बाळांना थंडी वाजू नये म्हणून आतूनच दुलई. फोनवर सृष्टीला सांगितलं. ती म्हणाली, आजी, कापूस यायला नको ना? कॉम्प्युटरवर तसलं वाचलंय म्हणे. मी म्हटलं, बाळा, कॉम्प्युटरने कधी पोर जन्माला घातलंय का?

२६ एप्रिल.
कापूस वाढला. वास येतोय. बरणी पिशवीत घालून दुकानात नेली, गोजराबाई सोबत. दुकानदाराने झाकण काढलं आणि नाक धरलं. म्हणाला, बुरशी आहे आजी. नर कुठे होता? मी म्हटलं, सासरी. त्याला समजेना. मग सांगितलं, माहेरी आणली म्हणून. दुकानात होते नव्हते ते सगळे हसले.
त्याने सांगितलं ते असं, की माशांमध्ये पोट मोठं म्हणजे दिवस गेले असं नसतं. अंडी घालायच्या वेळीच नर जवळ लागतो. तो पळत होता, आडवा झाला, तेच लग्न आणि तेच सगळं. मी नेमकं मांडवातून नवरी उचलून आणली.
गोजराबाई रस्ताभर म्हणत होती, मी म्हटलं नव्हतं का. म्हटलं होतं, पण कारण सांगितलं नव्हतं.
काही बिघडलं नाही. चांगुणाला परत टाकीत सोडलं. पौर्णिमेला अवकाश आहे.

५ मे.
रोज माठाचं पाणी घालते. रोज टाकीपुढे स्टूल टाकून बसते. नर तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. मानी आहेत, त्यांचं बरोबरच आहे. मीच मध्ये पडून सांगितलं, झालं गेलं विसरा. काचेवर टकटक केल्याने ऐकू येतं का, माहीत नाही.

१२ मे.
अमितचा फोन. पिल्लं झाली का म्हणाला. मी म्हटलं, होतीलच. तो म्हणाला, मग एवढ्या उन्हात पोरीला कशाला आणू? तिचा स्केटिंगचा क्लासपण आहे. मी म्हटलं, मला बघायला आण. तो हसला. त्याला वाटलं चेष्टा केली. मीपण हसले.

१६ मे. बुद्धपौर्णिमा.
विहारात जाऊन आले. कोणी नाही आलं. उन्हं फार आहेत, शहाणपणा केला.
संध्याकाळी अमितचा फोन. आवाज अगदी आनंदी. मी तर उभीच राहिले. म्हणाला, आई, रविवारी येतोय!

१८ मे. रविवार.
अमित आला. एकटाच. सृष्टीने हट्ट धरलाय, तिला मासे तिकडे हवेत. शेजारी कोणी माशांतला जाणकार राहतो, तो पिल्लं काढून देणार आहे. टाकी मागच्या सीटवर ठेवली, मासे पाण्याच्या पिशव्यांत पुढच्या सीटवर. मी विचारलं, मी कुठे बसू? सहज विचारलं. तो म्हणाला, आई, पुढच्या वेळी नक्की. जेवायलासुद्धा थांबला नाही, मासे तापले असते. मीच घाई केली.
चांगुणाला माठातलं पाणी बाटलीत भरून दिलं.

१९ मे.
काल रात्री अमितचा फोन होता, मासे नीट पोचले. सृष्टी झोपली होती.
बरं झालं. केवढं काम होतं रोजचं. गोजराबाई म्हणते, टाकीच्या जागी टीव्ही ठेवा. बघू. कोपरा चांगला गार आहे. सध्या तिथे मीच बसते.